खेळता येणारं, बहुपयोगी बालफर्निचर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, बालवाडीताई आणि सुतारकाम करणारे हौशी लोक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळी मापं मिलिमीटरमध्ये (मिमी) आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खेळकर, बहुपयोगी फर्निचर म्हणजे नेमकं काय? गाडीच्या आकाराचा पलंग त्यात बसतो का?

नाही. गाडीचा पलंग ही गाडीच राहते. ती गुहा होत नाही, दुकान होत नाही, आणि मुलाचं गाड्यांचं वेड ओसरलं की ती नुसती अडगळ होते. तिथे कल्पना लढवण्याचं काम डिझाइन करणाऱ्याने आधीच उरकलेलं असतं. मुलाच्या वाट्याला काही उरत नाही.

आपल्याला उलटं हवं आहे. वस्तूचा आकार साधा, अर्थ मोकळा, पण माप आणि मजबुती काटेकोर. डॅनिश डिझाइनर क्रिस्टियान वेडेल यांनी १९५७ साली केलेली मुलांची खुर्ची हे याचं उत्तम उदाहरण. वाकवलेल्या प्लायवूडची अर्धगोल पाठ आणि तिला आडव्या खाचा. फळी कुठल्या खाचेत सरकवता त्यावर ती खुर्ची होते की टेबल, हे ठरतं. आडवी केली की ती डुलते. तिच्यावर ना अस्वलाचे कान आहेत, ना डोळे रंगवलेले, आणि म्हणूनच मूल तिचं काहीही करू शकतं.

२. एका वस्तूचे किती उपयोग असावेत?

तीन पुरतात. खरी कसोटी आकड्याची नाही: बदल कोण करतं ते बघा. स्टूल उलटं करून टेबल करायला मुलाला मोठ्या माणसाची किंवा पान्याची गरज पडत असेल, तर आठवडाभरात ती वस्तू एकाच अवस्थेत कायमची राहते. म्हणून दोन प्रकारचे बदल वेगळे ठेवा. रोजचा बदल (उलटणं, सरकवणं, जोडणं) मुलाला एकट्याने, अवजाराशिवाय जमला पाहिजे. वर्षातून एकदाचा बदल (उंची वाढवणं, फळी हलवणं) मात्र अवजाराशिवाय होऊच नये, नाहीतर नेमकं कोणी बसलेलं असताना तो होतो.

३. बैठकीची आणि टेबलाची उंची वयावरून ठरवायची का?

वयावरून ठरवलीत तर चुकेल, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांत वीतभराचा फरक सहज असतो. मुलाची उभी उंची मोजा. शाळेच्या फर्निचरसाठीच्या ईएन १७२९ या युरोपीय मानकातले आकडे घरीही चांगले लागू पडतात:

मुलाची उंची ८०० ते ९५० – बैठक २१०, टेबल ४००
९३० ते ११६० – बैठक २६०, टेबल ४६०
१०८० ते १२१० – बैठक ३१०, टेबल ५३०
११९० ते १४२० – बैठक ३५०, टेबल ५९०

पट्टे एकमेकांत शिरलेले आहेत ते मुद्दाम. मूल सीमेवर असेल तर खालचं माप घ्या. पाय जमिनीला टेकलेलं मूल स्थिर बसतं आणि हात मोकळे राहतात. पाय लोंबकळले की मांडीखाली कड रुतते, मूल चुळबुळ करतं, आणि आपण म्हणतो की त्याचं लक्ष लागत नाही.

बैठकीची खोली बहुतेक जण विसरतात. गुडघ्यामागची पोकळी आणि बैठकीची पुढची कड यांत दोन-तीन बोटं जागा उरली पाहिजे. ९३० ते ११६० उंचीच्या मुलाला साधारण २५० खोली पुरते. त्याला ३५० खोलीच्या बैठकीवर बसवलं तर पाठ टेकवायला ते मागे घसरतं आणि अर्धं आडवं होतं.

४. घरी करता येईल अशी पहिली वस्तू कोणती?

चार फळ्यांची उलटती पेटी. तीच खुर्ची, तेच स्टूल आणि जोडीने टेबलसुद्धा. १८ मिमी जाडीचं प्लायवूड घ्या आणि असे तुकडे कापा:

बाजू: ४०० × २७०, दोन नग
पाठ: ४२४ × ४००, एक नग
बैठक: ४२४ × २५२, एक नग

पाठ आणि बैठक दोन्ही बाजूंच्या मध्ये बसतात. पाठ मागच्या कडेशी सपाट येते, बैठक तिला पुढून टेकते. बैठकीचा वरचा पृष्ठभाग एका टोकापासून २६० वर ठेवा. पेटी उलटी केली की दुसऱ्या टोकापासून तीच बैठक १५८ वर येते, म्हणजे नुकतं चालायला लागलेल्या मुलाला बाजूंचे हात असलेली छोटी खुर्ची मिळते. पाठ वर येईल अशी आडवी ठेवली की २७० उंचीचं स्टूल. एका बाजूवर उभी केली की ४६० उंचीचं टेबल, आणि वरच्या तक्त्यात २६० च्या बैठकीला जोडीचं टेबल तेवढंच आहे. मापं निवडताना मुख्य विचार हाच होता.

पाठीत दोन आडव्या खाचा करा, ९० × ३०, मधोमध. एक वरच्या कडेपासून ६० वर, दुसरी खालच्या कडेपासून ६० वर. उचलायला हात त्यातच जातो. बाजूंना खाच करू नका, कारण बाजू टेबल होते तेव्हा पेन्सिली तिच्यातून खाली पडतात.

जोडणी ७ × ५० मिमीच्या कन्फर्मॅट स्क्रूंनी (फळीच्या कडेत पकड घेणारे जाड, बोथट टोकाचे स्क्रू). एकूण १४ लागतात: पाठीतून बैठकीत चार, प्रत्येक बाजूतून बैठकीत दोन आणि पाठीत तीन. बाहेरच्या फळीत ७ मिमीचं आरपार भोक, आतल्या फळीच्या कडेत ५ मिमीचं. कडेतलं भोक जाडीच्या बरोबर मध्यावर हवं. ते २-३ मिमी सरकलं की प्लायवूडचे थर फाकतात आणि गोंद लावूनही तो सांधा पूर्ववत होत नाही. पाठीतून बैठकीत जाणारे टोकाचे स्क्रू बैठकीच्या टोकापासून ६० वर घ्या, म्हणजे ते बाजूतून येणाऱ्या स्क्रूंना आत भेटणार नाहीत.

क्रम असा. आधी तुकडे कापून गुण्याने काटकोन तपासा. मग भोकं पाडा. स्क्रूच्या डोक्यासाठीचा खड्डा करताना दोन्ही बाजू पुस्तकाच्या पानांसारख्या शेजारी ठेवा. एकीची डावी, दुसरीची उजवी. नेहमीची चूक इथेच होते: खड्डे दोन्ही फळ्यांच्या एकाच तोंडावर पडतात आणि एक बाजू वाया जाते. त्यानंतर कडा घासा. बाजूंचे फक्त पुढचे कोपरे २० मिमी त्रिज्येने गोल करा. मागचे गोल केलेत तर आतल्या पाठीचा टोकदार कोपरा उघडा पडतो, म्हणून ते जोडणी झाल्यावर पाठीसकट ३ ते ५ मिमी घासा. आता पाठ आणि बैठक गोंद लावून जोडा, मग एकेक बाजू. स्क्रू पूर्ण आवळण्याआधी पेटी सपाट फरशीवर चारही अवस्थांत ठेवून डुगडुगते का ते बघा. गोंद रात्रभर वाळू द्या.

बर्च प्लायवूडमध्ये ही पेटी सहा किलोच्या आसपास भरते. तीन वर्षांचं मूल ती उचलणार नाही, पण ढकलेल आणि कलंडवेल, आणि तेवढं पुरेसं आहे. १२ मिमी प्लायवूडमध्ये वजन चार किलोवर येतं, पण मग कडेत कन्फर्मॅट बसत नाही. आतून १८ × १८ ची लाकडी पट्टी गोंद आणि छोट्या स्क्रूंनी जोडावी लागते.

एकटी पेटी बाजूवर उभी केली की तिचा पाया २७० आणि उंची ४६० होते. हे जरा कलतं प्रमाण आहे (प्रश्न १० पाहा). म्हणून टेबल करताना दोन पेट्या पाठीला पाठ लावून ठेवा आणि खाचांतून ५० मिमी रुंद वेल्क्रो पट्टा गुंडाळा. वर ४०० × ५४० ची स्थिर जागा मिळते. जमेल तर पहिल्यापासून दोनच करा.

५. माप चुकलं तर प्लायवूड वाया जाईल. आधी तपासायची काही सोय?

दुपदरी खोक्याच्या पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा नमुना. कागदावरचं लहान चित्र मुलाला कळत नाही आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही फसवतं. पुठ्ठा एकावर एक चिकटवून जाडी १८ च्या जवळ आणा, सांधे रुंद चिकटपट्टीने जोडा आणि बैठकीखाली पुठ्ठ्याच्या उभ्या आडव्या पट्ट्यांची जाळी घाला. लहान मूल जपून बसेल इतपत आधार त्यातून मिळतो. चढू मात्र देऊ नका.

नमुना चार दिवस खोलीत राहू द्या आणि काही समजावून सांगू नका. मूल तो कुठे धरून उचलतं, कुठल्या बाजूला आपोआप वळवतं, कुठे डोकं घालून बघतं, हे टिपून ठेवा. हाताची खाच कुठे हवी हे पुठ्ठ्यावरच्या चुरगळलेल्या जागेवरून दिसतं. तुमच्या मनातला उपयोग कोणीच केला नाही तर तो आराखड्यातून काढून टाका.

६. प्लायवूड, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड की सलग लाकूड?

उलटसुलट होणाऱ्या वस्तूला प्लायवूड. पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्याने ते हवामानाने फारसं फुगत-आक्रसत नाही. १८ मिमी बर्च प्लायवूडमध्ये सहसा १३ थर असतात, कड स्वच्छ दिसते आणि गोल घासली तरी टवके निघत नाहीत. स्वस्त प्लायवूडमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असतात. फळी घेताना चारही कडा बघा. जिथे काळं भोक दिसतं तिथे स्क्रू पकडणार नाही.

एमडीएफ (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेली फळी) रंगकामाला छान, पण कडेत स्क्रू घेताना फाटतं, जड असतं आणि पाणी सांडलेल्या जागी फुगतं. जलरंगांनी खेळणाऱ्या मुलाच्या टेबलाला ते शोभत नाही. पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी) एकदा जोडून कायम उभं राहणाऱ्या कपाटाला ठीक. सलग लाकूड पायांना आणि दांड्यांना उत्तम, रुंद फळीला मात्र ते वाकण्याची शक्यता धरावी लागते.

लाकडी तक्त्यांच्या गोंदातून फॉर्माल्डिहाइड वायू निघतो. उत्सर्जनवर्ग ई१ किंवा त्याहून कमी असलेला माल घ्या आणि सगळ्या कापलेल्या कडा बंद करा, कारण वायू तिथूनच जास्त सुटतो.

पुस्तकांच्या फळीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवा: सारख्या दाटीने भरलेल्या फळीची लांबी दुप्पट केली की ती सोळापट लवते. १८ मिमी प्लायवूडला ६०० ते ७०० वर आधार द्या.

७. कुठला रंग किंवा पॉलिश सुरक्षित?

खेळण्यांसाठीच्या ईएन ७१ मानकाच्या तिसऱ्या भागाला उतरलेलं असं डब्यावर लिहिलेलं बघा. जड धातू किती सुटतात ते हा भाग तपासतो. पाण्यात मिसळणारं अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन वार्निश रोजच्या ओल्या फडक्याला टिकतं. कडक मेणतेल हाताला सुखद लागतं आणि ओरखडा पडलेली तेवढीच जागा दुरुस्त करता येते, म्हणून बैठकीला ते आम्हाला अधिक आवडतं. मात्र जवसाच्या तेलाने भिजलेलं फडकं चुरगळून टाकू नका. ते सुकताना आपोआप तापतं आणि पेटू शकतं. बाहेर सपाट पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

"हाताला कोरडं" आणि "पूर्ण मुरलेलं" यांत बरेच दिवस जातात. डब्यावरचा पूर्ण मुरण्याचा काळ संपेपर्यंत वस्तू मुलाला देऊ नका. ते कडा चावून बघणारच.

८. फटी, भोकं आणि कोपरे यांची मापं किती असावीत?

इथे अंदाजाला जागा नाही. मुलाचं धड ज्यातून जातं पण डोकं अडकतं ते माप सर्वात धोक्याचं. म्हणून कोणतंही बंदिस्त भोक, दांड्यांमधलं अंतर किंवा पायऱ्यांमधली पोकळी ८९ ते २३० मिमीच्या दरम्यान ठेवू नका. त्याहून लहान किंवा त्याहून मोठी करा. मूल आधी पाय घालतं, शरीर घसरतं आणि डोकं वर अडकून राहतं. म्हणूनच "डोकं तर आत जात नाही" एवढं बघून चालत नाही. वर उघडी असलेली इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती खाचही टाळा, मान तिच्यात पाचरीसारखी बसते.

बोटांसाठी: स्थिर फटी आणि भोकं ८ ते २५ च्या दरम्यान नकोत. प्रश्न ४ मधली हाताची खाच ३० ठेवली आहे ती यामुळेच. हलणाऱ्या भागांमधली फट प्रत्येक स्थितीत ५ पेक्षा कमी किंवा १२ पेक्षा जास्त असावी. "प्रत्येक स्थितीत" हे शब्द महत्त्वाचे, कारण उघड्या अवस्थेत १५ असलेली फट मिटता मिटता ८ वर येते आणि तेव्हाच बोट सापडतं.

कडांना किमान ३ मिमी गोलाई, डोळ्याच्या उंचीवर येणाऱ्या कोपऱ्यांना २० किंवा अधिक. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरात ३१.७ मिमी व्यासाच्या नळकांड्यात मावणारा कुठलाही सुटा तुकडा नको. स्क्रूवरच्या प्लॅस्टिकच्या टोप्या यात हमखास सापडतात. त्याऐवजी लाकडी बुच गोंदाने बसवून सपाट घासा. मोकळी दोरी २२० पेक्षा लांब ठेवू नका.

९. बसायचा बाक आणि आत खेळणी ठेवायची पेटी एकत्र करायची आहे. झाकणाचं काय?

सर्वात सुरक्षित झाकण म्हणजे झाकणच नसणं: पुढून उघडा बाक, आत ओढायचे हलके खण किंवा टोपल्या. मुलांना दिसतं तेच वापरलं जातं, त्यामुळे खेळासाठीही हा उपाय सरस आहे.

झाकण हवंच असेल तर ते वजन तोलून धरणाऱ्या बिजागरीवर लावा. अधल्यामधल्या कुठल्याही कोनात हात सोडला तर झाकण १२ मिमीपेक्षा जास्त खाली येता कामा नये. आधार झाकणाच्या प्रत्यक्ष वजनाप्रमाणे निवडावा लागतो. वर गादी चिकटवली की वजन बदलतं आणि कालपर्यंत थांबणारं झाकण धपकन पडतं. आपटू नये म्हणून लावलेलं साधं हवेचं दट्ट्यायंत्र झाकण हळू पाडतं, थांबवत नाही. ते पुरेसं नाही.

मूल आत लपणार, हे गृहीत धरा. आतली जागा ०.०३ घनमीटरपेक्षा मोठी आणि प्रत्येक आतलं माप १५० किंवा जास्त असेल, तर किमान दोन हवेची भोकं, प्रत्येकी ६५० चौरस मिमी, एकमेकांपासून किमान १५० वर. ३० मिमी व्यासाचं भोक ७०० च्या थोडं वर भरतं, म्हणजे चालतं. पेटी भिंतीला टेकवली तरी ती झाकली जाणार नाहीत अशी काढा. कडी, कुलूप, आपोआप अडकणारा खटका मुळीच नको.

१०. वस्तू कलंडेल का, हे कसं ओळखायचं? भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नाही.

मुलांनी ढकलायच्या सुट्या वस्तूची उंची तिच्या अरुंद पायाच्या दीडपटीपेक्षा जास्त नसावी. उभी राहणारी वस्तू, विशेषतः खणांची, भिंतीला बांधलीच पाहिजे. मूल खण उघडून पायरी करतं. वजन पुढे येतं आणि कपाट अंगावर पडतं. अमेरिकेतलं कपड्यांच्या कपाटांचं स्थिरतेचं मानक ६८६ मिमी उंचीपासून लागू होतं, म्हणजे कंबरेएवढं कपाटही निरुपद्रवी समजलं जात नाही.

भोक पाडता येत नसेल तर उंच वस्तू करू नका. ६०० च्या आतले बुटके, खोल, खणांऐवजी उघडे कप्पे असलेले रॅक करा, जड सामान तळाला ठेवा आणि दोन रॅक काटकोनात एकमेकांना बोल्टने जोडा. चिकटपट्टीचे भिंतबंद यासाठी विसरा. रंगाचा पापुद्रा घेऊन ते सुटतात.

११. एकमेकांना जुळणारे तुकडे करायचे तर माप कसं ठरवायचं?

एक मूळ माप धरा आणि बाकी सगळं त्याच्या पटीत. अमेरिकन शिक्षिका कॅरोलिन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केलेले लाकडी ठोकळे १:२:४ प्रमाणात आहेत, त्यामुळे मूल बेरीज न शिकताच दोन लहान बरोबर एक मोठा हे हाताने शिकतं. त्याच घराण्यातले मोठे पोकळ ठोकळे १४० × २८० × २८० असतात. फर्निचरसाठी हे माप सोन्यासारखं आहे: १४० ची पायरी, २८० ची बैठक, ४२० चं बुटकं टेबल.

९ मिमी प्लायवूडमध्ये, आतल्या कोपऱ्यांत १८ × १८ च्या पट्ट्या घालून असा ठोकळा दीड-दोन किलोत होतो. हेच वजनाचं गणित पकडा: मुलाने एकट्याने उचलायची वस्तू दोन किलोच्या आत. पायावर पडली तर दुखेल, पण बोट मोडणार नाही. सोबत २८० रुंद, ८४० लांब अशा दोन फळ्या द्या; मग पूल, दुकानाचा गल्ला, रंगमंच हे सगळं होतं. माप १-२ मिमीने चुकलं तरी चौथ्या थरावर रचना डोलते, म्हणून सगळे तुकडे करवतीची एकच आडपट्टी न हलवता एका बैठकीत कापा.

१२. टेबलाचा पृष्ठभाग लिहिता येईल असा, चुंबकाचा वगैरे करावा का?

फळ्याचा रंग टेबलावर नको, उभ्या बाजूला द्या. आडव्या फळ्यावरची खडूची भुकटी कपड्यांना लागते. रंग तीन दिवस मुरल्यावर आख्खा पृष्ठभाग खडूच्या आडव्या अंगाने माखून पुसा. तसं केलं नाही तर पहिलं चित्र कायमचं उमटून राहतं. चुंबकाच्या रंगात लोहचूर्ण असतं, पण पकड कमजोर. त्यापेक्षा पातळ लॅमिनेटखाली ०.५ मिमीचा पोलादी पत्रा चिकटवा. चुंबक मोठे आणि आवरणात बंद केलेले असावेत. छोटे शक्तिशाली चुंबक दोन गिळले गेले तर आतड्याच्या भिंतीपलीकडून एकमेकांना ओढतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येते. लहान मुलांच्या घरात ते आणूच नका.

१३. चाकं लावावीत का?

खेळण्यांच्या खणाला, हो. ज्यावर मूल चढू किंवा बसू शकतं अशा कशालाही नाही, कुलपाची चाकं असली तरीही, कारण कुलूप लावायचं ते विसरतंच.

१४. मुलाबरोबर वाढणारी खुर्ची कशी करतात?

नॉर्वेजियन डिझाइनर पीटर ऑप्सविक यांनी १९७२ साली केलेल्या खुर्चीचं तत्त्व आजही वापरलं जातं: दोन तिरके खांब, त्यांत आडव्या खाचांची रांग, बैठक आणि पाय ठेवायची फळी दोन्ही हव्या त्या खाचेत. मोठ्यांच्या टेबलाशी मूल बसतं. वाढतं तसं फळ्या खाली येतात. स्वतः करताना पायफळी विसरू नका, तिच्याशिवाय ती नुसती उंच खुर्ची. खाच फळीपेक्षा अर्धा मिमी रुंद असावी. घट्ट केली तर रंगाच्या थराने फळी अडकते, सैल केली तर कुरकुरते. दोन्ही खांब एकत्र क्लॅम्प करूनच खाचा काढा.

१५. इतकं सगळं केलं, तरी मूल त्याच्याशी खेळत नाही. काय चुकलं?

वस्तूत क्वचितच चूक असते. तीन गोष्टी क्रमाने बघा.

पहिली जागा. पेटी भिंतीला चिकटून कोपऱ्यात असेल तर ती फक्त खुर्ची दिसते. चारही बाजूंनी फिरता येईल अशी खोलीच्या मध्याकडे आणा. घरात जिथे माणसं असतात तिथे मुलं खेळतात; दूरच्या सजवलेल्या खोलीत नाही.

दुसरी, सुट्या वस्तू. रिकामी पेटी ही अर्धीच सामग्री. एक मोठी चादर, कपडे अडकवायचे चार-सहा मोठे चिमटे, दोन उशा, पुठ्ठ्याच्या नळ्या. चादर टाकली की घर झालंच. याउलट वीस तयार खेळणी शेजारी असतील तर पेटीकडे कोणी बघणार नाही. बहुतेक खेळणी नजरेआड करा आणि आठवड्याने काही बदला.

तिसरी आणि सगळ्यात अवघड: आपण. "हे बघ, याचं टेबल होतं" असं दाखवलं की मूल टेबलच करतं. काही दाखवायचं असेल तर वस्तू रात्री वेगळ्या स्थितीत ठेवून द्या, आडवी किंवा एकावर एक, आणि सकाळी गप्प राहा. मांडलेलं रोज संध्याकाळी आवरायला लावू नका. दुसऱ्या दिवशी तोच किल्ला पुढे बांधता आला तरच खेळ खोलवर जातो. एखादा कोपरा "मोडायचा नाही" असा राखून ठेवा.

१६. दीड वर्षाचं आणि सहा वर्षांचं, दोघं एकाच खोलीत. कुणाच्या मापाने करायचं?

फर्निचर दोघांच्या मापाने, सुट्या भागांचे नियम धाकट्याच्या. प्रश्न ४ मधल्या दोन पेट्या एक १५८ वर आणि एक २६० वर ठेवता येतात, पण सहा वर्षांच्या मुलाला बैठक ३१० च्या आसपास लागते. त्याच्यासाठी वेगळी पेटी करा. थोरल्याचे मणी, छोटे ठोकळे यांच्यासाठी धाकट्याच्या हाताबाहेरचा कप्पा हवा, आणि तो कप्पा चढून गाठता येऊ नये.

१७. उंच पलंग, खाली खेळायची जागा आणि घसरगुंडी असं एकत्र करू का?

६०० च्या वर मूल चढणार असेल तर ते फर्निचर राहत नाही, ते खेळाचं मैदान होतं: कठडा हवा, खाली आघात शोषणारा पृष्ठभाग हवा, आणि आजूबाजूला टोकदार काही नको. गालिचा हा आघात शोषणारा पृष्ठभाग नव्हे. सहा वर्षांखालच्या मुलाला वरच्या पलंगावर झोपवू नका. छोट्या मुलासाठी ४२० चा मचाण (प्रश्न ११ चे तीन थर, एकमेकांना पक्के जोडलेले) आणि खाली सरपटायची जागा एवढ्यावर पुष्कळ खेळ होतो. सरपटायची तोंडं प्रश्न ८ मधल्या २३० च्या नियमाने मोठी ठेवा.

१८. जुन्या टेबलाचे पाय कापून मुलाचं टेबल होईल ना?

होईल, पण मांडी अडकते. ७६० चं टेबल कापून ५३० केलं तरी वरची फळी २५ आणि तिच्याखालची आडपट्टी ११० तशीच राहते. उरले ३९५. बैठक ३१० वर असली तर मांडीला ८५ मिमी, म्हणजे फारच कमी. आडपट्टी कापून ४० ते ५० करा आणि कोपऱ्यांत लोखंडी कोनपट्ट्या लावून गेलेली ताकद भरून काढा.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासला की धूळ घरभर होते, आणि मुलांना शिशाचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त. आधी चाचणी करा. शिसं निघालं तर ती वस्तू मुलांसाठी वापरू नका.

१९. मूल व्हीलचेअर वापरतं. उलटसुलट होणारं फर्निचर त्याच्या काय कामाचं?

प्रश्न ३ मधला मापांचा तक्ता बाजूला ठेवून त्याच्या खुर्चीची मापं घ्या: जमिनीपासून गुडघ्याच्या वरच्या भागापर्यंत, हातांच्या उंचीपर्यंत, आणि पायटेकूच्या टोकापर्यंतची खोली. टेबलाचा तळ गुडघ्याच्या ३० ते ५० वर हवा, पाय चार कोपऱ्यांऐवजी दोन कडांना, मधे आडवी दांडी नाही. दोन पायांमधली जागा खुर्चीच्या रुंदीपेक्षा प्रत्येक बाजूला किमान १०० जास्त. टेबलाच्या कडेला १० मिमीची उंच पट्टी लावा, कारण पडलेला खडू वाकून उचलणं त्याला जमेलच असं नाही.

खेळाचा बदल मग जमिनीऐवजी टेबलावर आणा. प्रश्न ११ चे ठोकळे अर्ध्या मापात, ७० × १४० × १४०, करून टेबलावर द्या. एका हाताने पकडता येतील अशी ३० ची खाच त्यांनाही काढा. टेबलाची फळी वेगळी उचलता येईल अशी ठेवली, तर तीच मांडीवर घ्यायचा फळा होते आणि बहीणभावंडांनी जमिनीवर मांडलेल्या खेळात त्यालाही शेजारी जाऊन सामील होता येतं.